वाजत नाही, म्हणून बदलायचा नाही?

जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ आली की गॅरेजच्या दारात एक सल्ला हमखास मिळतो. बेल्ट नवा टाका, टेन्शनर आहे तोच राहू द्या. छान फिरतोय, वाजतही नाही. त्याला जोडून आणखी दोन गोष्टी येतात. ताण बसवायला कंपनीची पद्धत आणि टॉर्क रेंच कशाला, बेल्ट अंगठ्या-बोटात धरून पीळ दिला की हाताला कळतं. आणि शेवटी, एवढ्या जुन्या गाडीला इतकं करून मिळणार काय? असा सल्ला देणारे बहुतेक लोक लबाड नसतात. गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचावेत असंच त्यांना वाटत असतं, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात चालणाऱ्या ‘हेही बदला, तेही बदला’ या उद्योगाचा त्यांना मनापासून राग असतो. तो राग बऱ्याचदा रास्तही असतो. म्हणूनच या सल्ल्याला झटकून न टाकता मुद्द्यांनी उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की या तिन्ही विधानांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: ताण हा बेल्टचा गुण आहे, आणि टेन्शनर म्हणजे बेल्टला टेकू देणारी एक फिरती चकती. वस्तुस्थिती उलटी आहे. बेल्ट किती जगेल हे टेन्शनर ठरवतो, आणि टेन्शनर किती जगेल हे तो कसा बसवला यावर ठरतं. जुना टेन्शनर ठेवून नवा बेल्ट टाकणं, किंवा नवा टेन्शनर अंदाजाने आवळणं, ही दोन्ही कामं अर्धवट आहेत. आणि गाडी जितकी जुनी तितका हा अर्धवटपणा महाग पडतो.

बेल्ट नेमकं काय सांभाळतो तिथपासून सुरुवात करू. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, आणि हे प्रमाण लाखो किलोमीटर एका दाताचीही चूक न होता टिकावं लागतं. समजा क्रँकच्या चाकाला २० दात आहेत. बेल्ट एक दात सरकला तर क्रँक आणि कॅम यांच्यातलं नातं क्रँकच्या १८ अंशांनी बिघडतं. एका दाताने गाडी ओढत नाही, धूर सोडते. दोन-तीन दात गेले तर ज्या इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेसाठी आळीपाळीने येतात तिथे दोघांची टक्कर होते. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन इतकं जास्त असतं की पिस्टन वर आल्यावर हेडखाली जागा उरतच नाही, त्यामुळे तिथे ही टक्कर जवळजवळ ठरलेली. २००० च्या दशकात औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळणी होऊन महाराष्ट्रभर गेलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाचं १.९ टीडीआय इंजिन हे त्याचं चांगलं उदाहरण. त्यात कॅमशाफ्ट, डिझेलचा इंजेक्शन पंप आणि पाण्याचा पंप हे तिन्ही याच एका बेल्टवर चालतात. त्या गाड्यांतल्या अनेक आज पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, आरटीओत पुन्हा नोंदणी करून रस्त्यावर आहेत. नोंदणीच्या नूतनीकरणाला दिवे, ब्रेक, धूर बघतात. टायमिंग कव्हरच्या आत काय चाललंय हे कुणी बघत नाही. ती जबाबदारी मालक आणि मेकॅनिक यांच्यावरच उरते.

आता ताणाकडे येऊ. क्रँक बेल्टला एका बाजूने ओढतो. ती बाजू ताठ असते. क्रँकवरून सुटून कॅमकडे जाणारी दुसरी बाजू ढिली असते, आणि टेन्शनर असतो तो त्या ढिल्या बाजूला. ही ढिलाई स्थिर नसते. कॅम व्हॉल्व्ह उघडत असताना स्प्रिंग त्याला विरोध करते, आणि व्हॉल्व्ह मिटत असताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते. म्हणजे एका फेऱ्यात कॅम कित्येकदा बेल्टला मागे खेचतो आणि कित्येकदा सैल सोडतो. डिझेलचा पंप त्यात स्वतःचे झटके मिसळतो. त्यावर उष्णता येते. क्रँक आणि कॅम यांच्यात ४०० मिलिमीटर अंतर धरा, त्यातलं २५० बिडाच्या ब्लॉकचं आणि १५० ॲल्युमिनियमच्या हेडचं. थंड इंजिन ८० अंशांनी तापलं की हे अंतर सुमारे अर्ध्या मिलिमीटरने वाढतं, आणि बेल्टला जायची वाट दोन्ही बाजू मिळून जवळपास एक मिलिमीटरने. बेल्टच्या पोटात काचेच्या धाग्यांची दोरी असते, ती उष्णतेने फार वाढत नाही. सव्वा मीटरच्या बेल्टमध्ये हा फरक साधारण त्याच्या निम्माच भरून निघतो. न ताणणाऱ्या दोरीच्या बाबतीत उरलेला अर्धा मिलिमीटर ही मोठी गोष्ट आहे. हा सगळा चढउतार ज्या भागाच्या जोरावर पचतो त्याला ‘चकती’ म्हणणं चुकीचं आहे. आणि ताण नेहमी थंड इंजिनावरच का बसवायचा, याचंही उत्तर याच हिशेबात आहे. तापलेल्या इंजिनावर बरोबर वाटलेला ताण सकाळी गार इंजिनावर कमी भरतो, आणि बेल्ट दात सोडण्याची भीती सर्वांत जास्त असते ती नेमकी सकाळच्या त्या पहिल्या स्टार्टला.

‘वाजत नाही तोवर ठीक’ हा नियम आला कुठून, हे बघितलं की तो इथे का लागू पडत नाही ते कळतं. आपल्याकडच्या गॅरेजांचं शिक्षण झालं ते ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीवर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली. या दोन्ही गाड्यांत टायमिंगला साखळी होती. साखळी झिजते तेव्हा ती लांबते, आणि लांबलेली साखळी खडखडते. हजारो किलोमीटर आधीपासून ती तक्रार करत राहते, त्यामुळे कान हेच तिथे मापाचं साधन होतं, आणि ते पुरेसं होतं. १९८३ च्या शेवटी मारुती ८०० आली, मग नव्वदच्या दशकात इतर छोट्या गाड्या आल्या, तेव्हा साखळीच्या जागी रबरी बेल्ट घरोघरी पोहोचला. बेल्ट आणलाच होता तो हलका, स्वस्त आणि बिनआवाजी म्हणून. १९६० च्या दशकात जर्मनीच्या ग्लास कंपनीने तो मोटारीत रुळवला आणि फियाटने १९६६ मध्ये १२४ स्पोर्टच्या ट्विन-कॅम इंजिनात नेला, तेव्हा त्याच्या मोठ्या गुणांपैकी एक हाच होता की तो वाजत नाही. जो भाग शांत राहावा म्हणूनच घडवला गेला, त्याच्या शांततेवरून त्याची तब्येत ओळखायची, हा तर्क मुळातच फसलेला आहे. इंजिन बदललं, नियम मात्र साखळीच्या काळातलाच राहिला.

‘पण बेल्ट नव्हे, टेन्शनरचं बेअरिंग तर वाजतं ना?’ असं कुणी विचारेल. वाजतं, पण उशिरा, आणि पंख्याच्या व अल्टरनेटरच्या आवाजात कव्हरच्या आतून ते ऐकू येईल याची खात्री नाही. त्याहून मोठी चूक हाताने फिरवून बघण्यात आहे. टेन्शनरची पुली काढून बोटाने टिचकी मारतात. ती सर्रकन फिरून बराच वेळ फिरत राहिली की म्हणतात, मस्त आहे. खरं म्हणजे ग्रीस भरलेलं नवं सीलबंद बेअरिंग असं फिरत नाही. ग्रीस त्याला धरून ठेवतं, ते जड चालतं आणि लवकर थांबतं. मोकळं, हलकं, घरघरत फिरणारं बेअरिंग बहुधा ग्रीस संपत आल्याचं लक्षण असतं. बेअरिंगचं ग्रीस उष्णतेने मरतं. उद्योगातला प्रचलित ठोकताळा असा की ७० अंशांच्या वर दर १५ अंशांनी ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं, आणि इंजिनाच्या अंगाला चिकटलेल्या कव्हरच्या आत ते तापमान रोजचंच. हे बेअरिंग सीलबंद असल्याने नवं ग्रीस भरायची सोय नाही. ते किती फिरलंय याचाही हिशेब करून बघावा. सरासरी ताशी ४० किलोमीटर धरली तर एक लाख किलोमीटर म्हणजे २,५०० तास. पुली साधारण क्रँकच्या वेगाने फिरते. मिनिटाला २,००० फेरे धरले तर एकूण ३० कोटी फेरे झाले. एवढं फिरलेल्या, कोरड्या पडत चाललेल्या बेअरिंगला बिनभाराचं, थंड अवस्थेत, बोटाने दहा-वीस फेरे फिरवून पुढच्या ३० कोटी फेऱ्यांसाठी पास करणं ही परीक्षा नव्हे.

इथे विरोधकांच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा मांडायला हवा, कारण गॅरेजात तो सहसा कुणी मांडत नाही. वय झालं म्हणून चालता भाग बदलावा, हे तत्त्व सरसकट बरोबर नाही. स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप या युनायटेड एअरलाइन्सच्या दोघांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला, आणि देखभालीच्या शास्त्रात तो आजही पायाभूत मानला जातो. विमानांच्या भागांचा अभ्यास करून त्यांना आढळलं की वयाबरोबर निकामी होण्याची शक्यता वाढते असे भाग जेमतेम ११ टक्के. उरलेल्या ८९ टक्क्यांना वयाची मर्यादा घालून फायदा होत नाही. उलट ६८ टक्के भागांत बिघाडाचा धोका सर्वांत जास्त होता तो नवा भाग बसवल्याबरोबर. म्हणजे चालत्या यंत्राला हात लावणं हाच एक धोका. आपला मेकॅनिक ‘चालतंय त्याला छेडू नका’ म्हणतो तेव्हा नकळत तो नोलन आणि हीप यांचीच बाजू घेत असतो.

पण तोच अहवाल पुढे काय म्हणतो तेही बघायला हवं. गुंतागुंतीच्या यंत्रणा वयाने झिजत नाहीत; ज्यांच्या बिघाडाचं कारण एकच आणि ठळक असतं असे साधे भाग मात्र झिजतात. टायर, ब्रेक ही त्यातली उदाहरणं. ग्रीस संपत जाणारं सीलबंद बेअरिंग आणि थकत जाणारी स्प्रिंग यांचा वर्ग हाच. दुसरं असं की भागाची अवस्था वेळोवेळी मोजता येत असेल तर वयावर न जाता मोजमापावर जावं, असा त्यांचा आग्रह होता. टेन्शनरच्या बाबतीत ते मोजमापच होत नाही. तो बघायचा तर इंजिन माउंट, क्रँकची पुली आणि कव्हरं उतरवावी लागतात, म्हणजे बेल्ट बदलण्याइतकंच काम. आणि तिसरं, भाग निकामी झाल्याची किंमत जिथे जबर, तिथे ठरलेल्या मुदतीला तो टाकून द्यावा हे तत्त्वही त्यांनीच मांडलं आहे. तिन्ही कसोट्या टेन्शनरला लागू पडतात. हात लावल्याने येणारा धोकाही इथे वेगळा वाढत नाही, कारण बेल्टसाठी ती जागा उघडलेलीच असते आणि टेन्शनर सैल केल्याशिवाय बेल्ट निघतच नाही. जुना टेन्शनर ठेवला तरी तो नव्याने बसवावा लागतोच. बसवण्याचा धोका दोन्हीकडे सारखा आहे, फरक एवढाच की एकीकडे भाग नवा आहे. नव्या भागाच्या सुरुवातीच्या बिघाडाचा जो धोका ते दाखवतात, त्याला उत्तर बसवण्याच्या शिस्तीत आहे. त्याकडेच आता वळतो.

अंगठ्या-बोटाच्या पिळाची पद्धत ही कुणा मेकॅनिकच्या डोक्यातली कल्पना नाही, हे आधी मान्य करतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या फोक्सवॅगनच्या चार सिलिंडरच्या काही पेट्रोल इंजिनांच्या पुस्तकातच ती होती: कॅमच्या आणि मधल्या शाफ्टच्या चाकांमधल्या बेल्टला मध्यावर धरून ९० अंशांचा पीळ देता यावा, त्याहून जास्त नको. म्हणजे नियम खरा आहे. पण तो एका इंजिनाचा, एका रुंदीच्या बेल्टचा आणि त्यातही एका ठरावीक टप्प्याचा. ताणलेल्या पट्टीला पीळ द्यायला लागणारा जोर ढोबळ मानाने रुंदीच्या वर्गाने वाढतो आणि टप्प्याच्या लांबीने घटतो. ताण तोच ठेवून १८ मिलिमीटरच्या बेल्टऐवजी २५ मिलिमीटरचा घेतला तर जोर जवळपास दुप्पट लागतो. टप्पा दुप्पट लांब असेल तर निम्म्यावर येतो. म्हणजे मारुतीवर घडलेला हात सँट्रोवर ‘थोडा सैल’ आणि ऑक्टाव्हियावर ‘थोडा घट्ट’ सांगू शकतो, आणि तिन्ही वेळा त्या हाताला आपण बरोबर आहोत असंच वाटतं. अनुभव हाताला सवय लावतो. वेगळ्या मापाच्या बेल्टचा ताण ओळखायला ती सवय कामी येत नाही. ताण मोजायची यंत्रं आहेत, आणि त्यांतली काही तंबोऱ्याच्या तारेच्या तत्त्वावर चालतात: बेल्टला टिचकी मारून त्याच्या कंपनांची वारंवारता मोजतात. ताण २० टक्क्यांनी वाढला तर ही वारंवारता साडेनऊ टक्क्यांनीच वाढते. बोटांना तेवढा फरक कळेल असं मानायला आधार नाही.

‘थोडा घट्ट असला तर बरा, सैल नको’ हीही एक समजूत आहे. सैल ताणाने बेल्ट दात सोडतो हे सर्वांना माहीत असतं, म्हणून भीतीपोटी सगळे घट्ट बाजूला झुकतात. घट्टपणाची किंमत मात्र दिसत नाही. बॉल बेअरिंगचं गणिती आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. भार २५ टक्क्यांनी वाढला तर आयुष्य निम्म्यावर येतं. हा भार टेन्शनरवरच थांबत नाही. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग आणि सील, कॅमचं पुढचं बेअरिंग, सगळ्यांवर तो पडतो. ऑक्टाव्हियासारख्या इंजिनात घट्ट बेल्टने आधी पाण्याचा पंप गळायला लागतो, गळकं पाणी बेल्टवर येतं, आणि मग दोष पंपावर जातो. बेल्ट मात्र सगळं लिहून ठेवतो, वाचता आलं तर. दोन दातांमधल्या खळग्याचं कापड चकचकीत घासलेलं असेल तर ताण जास्त होता. दात मुळापासून कापले गेले असतील तर ताण कमी होता किंवा पुढचं कुठलं तरी चाक जाम झालं होतं. एकच कड उसवली असेल तर पुली तिरकी चालत होती, म्हणजे बहुधा टेन्शनरचं बेअरिंगच झिजलं होतं. जुना बेल्ट कचऱ्यात टाकण्याआधी तो असा बघितला तर ‘टेन्शनर ठीक आहे’ म्हणणाऱ्या अनेकांचं मत तिथल्या तिथे बदलेल.

बसवण्याच्या पद्धतीत पुस्तकं हटवादी असतात असा आक्षेप घेतात. त्या हटवादामागे प्रत्येक वेळी कारण असतं, आणि ते टेन्शनरच्या जातीप्रमाणे बदलतं. मारुती ८०० सारख्या इंजिनात टेन्शनरच्या पट्टीला स्प्रिंग असते; ती ठरलेल्या जोराने पुली बेल्टवर दाबते, क्रँक हाताने दोन फेरे पुढे फिरवायचा आणि मग बोल्ट आवळायचा. ताण ठरवते ती स्प्रिंग, मेकॅनिकचा दंड नव्हे. म्हणूनच वर्षानुवर्षं तापून मऊ पडलेली स्प्रिंग पुन्हा वापरली तर प्रत्येक वेळी ताण कमीच बसणार. त्यावर उपाय म्हणून पुलीला पान्याने रेटा देऊन आवळतात, म्हणजे स्प्रिंगने केलेलं माप बाजूला ठेवून पुन्हा अंदाजच. बोल्ट आवळल्यावर ही पुली जागची हलत नाही. उष्णतेचा सगळा चढउतार त्या एका क्षणी बसवलेल्या ताणाने सोसायचा असतो. म्हणून तो क्षण महत्त्वाचा. दोन फेरे फिरवण्यामागेही हिशेब आहे: क्रँकच्या दोन फेऱ्यांनी कॅमचा एक पुरा होतो, सगळ्या टप्प्यांतली ढिलाई ओढली जाऊन टेन्शनरच्या बाजूला येते, आणि खुणा जागेवर आहेत का तेही कळतं. उलट दिशेला फिरवलं तर तीच ढिलाई ताठ बाजूला जाते आणि केलेलं काम फुकट जातं.

ऑक्टाव्हियाच्या १.९ टीडीआयमधला टेन्शनर वेगळ्या जातीचा. त्याच्या आत स्प्रिंग आणि बाहेर सरकणारा काटा असतो. दोन टोकांच्या खास पान्याने पुली ठरलेल्या दिशेने फिरवून काटा खाचेसमोर आणायचा. इथे तीन चुका वारंवार होतात. पहिली, पुली उलट्या दिशेने फिरवून काटा खाचेशी आणणं: काटा जागेवर दिसतो, पण स्प्रिंगचं काम उलटं बसतं आणि थोड्या दिवसांत बेल्ट सैल पडतो. दुसरी, टेन्शनरच्या पाठीवरची जीभ हेडच्या खाचेत न बसवताच नट आवळणं. तिसरी, नट. डिस्ट्रिब्युटर पंपाच्या जुन्या आवृत्तीत तो अवघ्या २० न्यूटन-मीटरने आवळायचा असतो, त्याच गाडीच्या चाकाचे बोल्ट १२० ने. ज्या हाताला चाकाच्या बोल्टची सवय, तो हात हा स्टड ताणून कमकुवत करतो, आणि तो तुटला की पुली बेल्टसकट सुटते. चौथी गोष्ट टेन्शनरच्या बाहेरची, पण ताणाचीच: कॅम आणि पंप त्यांच्या जागी जखडून कॅमचं चाक सैल ठेवायचं, ताण बसल्यावर ते आवळायचं. तसं न करता जुन्या बेल्टवर पांढऱ्या खुणा करून नवा बेल्ट दातावर दात चढवला तर खुणा जुळतात, पण टप्प्यांतला ताण सारखा वाटला जात नाही, आणि काटा आपल्याला दाखवतो तो फक्त ढिल्या बाजूचा. हायड्रॉलिक टेन्शनर असेल तर तो उभा धरून पकडीत हळूहळू दाबावा लागतो, घाईने दाबला तर आतलं सील जातं. एका जातीचं ज्ञान दुसऱ्या जातीला चालत नाही. पुस्तक लागतं ते याच कारणासाठी.

यावर सर्वांत प्रामाणिक उत्तर असं येतं की वीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही. या उत्तरातली अडचण मेकॅनिकच्या प्रामाणिकपणात नाही, त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या माहितीत आहे. चुकीच्या ताणाने बसवलेला बेल्ट त्याच संध्याकाळी तुटत नाही. तो वर्षा-दोन वर्षांनी, तीस-चाळीस हजार किलोमीटरनंतर, कुठल्या तरी घाटात किंवा महामार्गावर जातो. गाडी टो होऊन जवळच्या दुसऱ्याच गॅरेजात जाते. तिथला मेकॅनिक म्हणतो, बेल्ट लोकल होता. मालक पुन्हा पहिल्या गॅरेजात जात नाही, किंवा गेला तरी बेल्ट कंपनीला शिव्या देत जातो. पहिल्याच्या दारात फक्त न बिघडलेल्या गाड्या परत येतात. त्या मोजून आपली पद्धत बरोबर ठरवणं म्हणजे एकाच बाजूचे साक्षीदार तपासणं. ज्या कामात चुकीची बातमी परत येत नाही, तिथे अनुभवाचे आकडे वाढले तरी ज्ञान वाढत नाही. डॉक्टर, पायलट, पूल बांधणारे लिहिलेल्या पद्धतीला धरून चालतात ते याच कारणाने, आणि त्यांच्या कौशल्याचा त्यात कुणी अपमान मानत नाही.

आता ‘जुन्या गाडीला कशाला’ हा मुद्दा. तो हिशेबाचा आहे, तेव्हा हिशेबच करू. आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी. तुमच्या गावचे दर घालून बघा. समजा टेन्शनरची किंमत २,००० रुपये, आणि तो जाऊन व्हॉल्व्ह वाकले तर हेड उतरवणं, व्हॉल्व्ह, गाइड, गॅस्केट, मजुरी मिळून ३०,०००. मग जुना टेन्शनर पुढच्या मुदतीपर्यंत दगा देण्याची शक्यता पंधरात एकाहून जास्त असेल तर तो बदलणंच स्वस्त. एक लाख किलोमीटर चाललेल्या, ग्रीस घटलेल्या बेअरिंगला आणखी तेवढंच चालवताना ही शक्यता पंधरात एकाहून कमी आहे असं कोण सांगेल? आणि टेन्शनर बदलण्याची मजुरी यात धरलेलीच नाही, कारण ती बेल्टसाठी द्यायचीच आहे. गाडीची किंमत कमी आहे हा मुद्दा तर उलटाच फिरतो. पाच लाखांच्या गाडीवर ३०,००० चा खर्च झाला तर मालक चडफडतो आणि करतो. साठ हजारांच्या गाडीवर तोच खर्च आला तर गाडी भंगारात जाते. म्हणजे जुन्या गाडीत टेन्शनर वाचवणं म्हणजे २,००० रुपयांसाठी गाडीच पणाला लावणं. जुनी गाडी चालवणाऱ्याकडे चूक भरून काढायला पैसा कमी असतो; त्याला काटेकोर कामाची गरज नव्या गाडीवाल्यापेक्षा जास्त आहे.

दोन आक्षेप उरतात. सगळ्या इंजिनांत बेल्ट तुटला म्हणून व्हॉल्व्ह वाकत नाहीत. काहींत पिस्टनच्या डोक्यात पुरेशी जागा ठेवलेली असते आणि गाडी फक्त थांबते. हे खरं आहे, आणि अशा इंजिनात वरचा हिशेब सौम्य होतो. पण फक्त थांबते कुठे, हेही विचारायला हवं. रात्री कसारा घाटात चढावर बंद पडलेली गाडी स्वस्त नसते. शिवाय आपलं इंजिन कोणत्या जातीचं हे ऐकीव माहितीवर नव्हे, इंजिनाचा कोड बघून ठरवावं. एकाच नावाच्या गाडीत दोन पिढ्यांची वेगळी इंजिनं असतात. दुसरा आक्षेप बाजारातल्या नकली मालाचा: नव्या खोक्यातला बनावट टेन्शनर जुन्या खऱ्यापेक्षा वाईट. हा धोका मला मान्य आहे. तळेगाव आणि चिंचवडला जगभर नाव असलेल्या कंपन्या बेअरिंग बनवतात आणि तरीही त्याच नावांची नकली खोकी रविवारच्या बाजारात मिळतात. पण यातून निघतो तो सल्ला माल पारखून, बिलासकट, नावाजलेल्या विक्रेत्याकडून घेण्याचा. नकली औषधं मिळतात म्हणून मुदत संपलेली गोळी चांगली ठरत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे, आणि ती दोघांकडे आहे. मालकाने बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी मधली पुली), आणि पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, हे एक काम समजून मागावं; काढलेले सगळे भाग हातात घ्यावेत, बेल्टच्या खुणा बघाव्यात; बिलावर किलोमीटर आणि तारीख लिहून घ्यावी. मेकॅनिकने त्या इंजिनाची पद्धत आधी वाचावी, इंजिन गार होऊ द्यावं, टॉर्क रेंच वापरावा, दोन फेऱ्यांनंतर काटा आणि खुणा पुन्हा तपासाव्यात, आणि या वेळेचे पैसे उघडपणे मागावेत. मालकाने ते द्यावेत, कारण सध्या तो नेमक्या या वेळेचे पैसे द्यायला तयार नसतो, आणि अंदाजाने काम करण्याची सवय त्याच कंजुषीवर पोसली गेली आहे. मेकॅनिकचा हात वाईट नाही. त्याला माप न देता निकाल मागणं वाईट आहे, आणि त्यात गिऱ्हाईक बरोबरीचा भागीदार आहे.